भाट्याची बिनदाराची मोटार

मोटारींचा विषय काढलात म्हणून सांगतो. रत्नागिरीत मोटार आली की लोक दुकानं सोडून बघायला धावायचे, तेव्हाची गोष्ट. गावाजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर, माडांत एक गाडी बेवारस पडली होती. माझा मित्र वासू मुंबईला एका शेठची मोटार चालवायचा. सुट्टीवर आला आणि तिचे दिवे काढून न्यायचे म्हणून मला घेऊन गेला.

एक दिवा काढून झाल्यावर म्हणाला, "तोंडावरून अमेरिकन वाटते. पण मागची ही लाकडी बॉडी कुठल्या कंपनीची? हिला दारंच नाहीत! माणसं चढायची कशी?"

मी होड्या बांधणाऱ्या घरातला. फळ्यांवरून हात फिरवला, तर होडीला ठासतात तसा सांध्यांत राळ लावलेला कापूस ठासलेला आणि लाकडाला अजून होड्यांना चोपडतात त्या मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या तेलाचा वास.

"होडीत चढतात तशी, काठावरून पाय टाकून," मी म्हणालो. "वासू, ही आपल्याकडच्या कुणीतरी बांधलीय."

"गप मेल्या! मोटार काय होडी आहे?"

नवी होडी गळते का ते आमच्याकडे आत पाणी भरून बघतात. आम्ही खाडीचं पाणी आणून मागच्या बॉडीत ओतलं, पार बाकापर्यंत. मग दोघंही वाळूवर आडवे होऊन खालून बघत राहिलो.

इतके पावसाळे उघड्यावर पडलेली गाडी, पण एक थेंब खाली आला नाही.

वासू उठला आणि काढलेला दिवा परत बसवायला लागला.

"अरे, नेणार होतास ना?"

"राहू दे. अंधारात हिला किनारा कसा दिसेल?"