आखाड्यामागं बसलेली माणसं

सोमेश : म्हणजे हे तुला ठाऊक होतं, अव्वा?

उमाबाई : लग्न होऊन आले तवापासून.

सोमेश : मग बोलली कामून न्हाईस? सकाळधरनं बाभळी तोडायलाव. चाकूरवरून जेसीबी आणून उभा केला. झुडूप निघालं, तर खाली ह्या तीन समाध्या. आपल्या घरातलं कोण हाय ह्यात?

उमाबाई : आपलं कुणी न्हाई. मलप्पाची माणसं हायेत. तुझ्या आज्ज्यानं त्याच्याकडनं रान घेतलं, त्याच्या आधी हितं त्यांचा आखाडा होता. रानातच घर-गोठा करून ऱ्हायचे. ह्या पडक्या भिंती, ती चूल, सगळं त्यांचं. उदगीरकडं गेले तवा बैलं नेली, भांडी नेली. ह्यांना कसं नेतेल?

सोमेश : पुन्हा कुणी फिरकलंबी न्हाई ना? मग सारखं करून घेतो.

उमाबाई : सोम्या, आपल्या लिंगायतात मेलेला माणूस आडवा पुरत न्हाईत. बसवतेत. बसल्या माणसाच्या डोक्यावरून मशीन घालतोस?

सोमेश : मग म्हशींची शेड कुठं बांधू? बाकी सगळं काळं रान, भिंत घातली की भेगाळती. मुरमाड एवढाच तुकडा हाय. पावसाळाभर तुझी सून मंजुश्री चिखलात बसून धार काढती. मेलेल्यांचं बघू का जित्यांचं?

उमाबाई : तिचं खरं हाय. मी कुठं न्हाई म्हणले.

सोमेश : आन् समाधीपुढं ही पणती?

उमाबाई : माझीच.

सोमेश : तरीच! येळवसेच्या सणाला सगळे रानात जेवायला बसले की तू ताट घेऊन ज्वारीत गायब व्हायचीस. म्हशीला घास देते म्हणायचीस.

उमाबाई : ह्यांना द्यायची. भज्जी, आंबील. ही आक्का, हे मामा. ते बारकं कुणाचं काय की, त्याला गुळाचा खडा. एका साली पाऊस पडला न्हाई, तवा मामासंगं भांडलेबी. मुकाट ऐकून घेतलं त्यानं. तुझ्या बापापेक्षा बरा.

सोमेश : नावं ठाऊक न्हाईत, आन् सोयरीक केलीस!

उमाबाई : करावी लागली. माझी माय शिरूर अनंतपाळच्या रानात बसलीय. भावांनी ते रान इकलं. घेणारा कोण, कसा, काय म्हाईत. म्हणलं, आपण हितल्यांचं बघावं, तिकडं कुणी तिचं बघंल.

सोमेश : कधी जाऊन बघितलंस?

उमाबाई : न्हाई.

(सोमेश मशीनकडं तोंड करून हाक मारतो.)

सोमेश : सत्यम! ए सत्यम! भिंतीच्या पलीकडंच ऱ्हा. हिकडं आणू नको मशीन! हाव, शेड बारकी होईल, होऊ दे!

उमाबाई : किती म्हशी मावतेल?

सोमेश : दोन. बाकीच्या दोन इकाव्या लागतेल. मंजुश्रीला तूच सांग.

उमाबाई : सांगते. बोलणी खाते.

सोमेश : अव्वा, उद्या गाडी काढतो. शिरूरला जाऊन येऊ. बघू तरी.

उमाबाई : नको रं लेकरा. ती तिथं हाय, असंच मनात राहू दे.