आबांची पंचगिरीची हॅट

इतिहास जपणं हे पवित्र कार्य आहे, असं आखाड्या-मैदानांवरच्या जुन्या हॅट जमवणारे सर्जेराव इंदापूर स्टँडवर सांगत होते. बाकावर शेजारी बसलेल्या निकिताला त्यांच्या पिशवीतून घामाचा वास आला.

तेवढ्यात आबांचा मुलगा ज्ञानेश सर्जेरावांपुढे येऊन उभा राहिला.

"तात्या, हॅट परत द्या. आबांच्या दहाव्याला कावळा शिवंना."

"ज्ञानेश, आबांनी जिवंतपणी दिलीय. हीच घालून कुस्तीचा निकाल द्यायचे."

"म्हणून तर! हॅटचं नाव काढलं अन् समदे कावळे गप झाले."

"खरं सांगू? कपाटाला कुलूप असतं, तरी रोज सकाळी ही आतून ओली असती."

"आबाच. त्यांना घाम लई यायचा."

"घे बाबा, घेऊन जा! पर कावळा शिवला न्हाय, तर दहावा उरकला कसा?"

"भटजींना जळोचीत दुसरा दहावा होता. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला अन् गेले."