डोंगरापलीकडे गेलेल्या जुन्या मोटारीबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा वार्ताहर, शिक्षण संस्कृत विषयात (हवालदार म्हणाले, हे लिहायची गरज नाही, मी म्हणालो, आहे), राहणार थोरल्या भावाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत, समक्ष हजर राहून सांगतो की,

माझी तक्रार एका उशीसंबंधी आहे. सदर उशी लाल मखमलीची, एका कोपऱ्याला उसवलेली असून लिहिताना मी ती पाठीशी घेतो. माझा थोरला भाऊ, धंदा निवृत्त फिटर, याने ती आज सकाळी माझ्या अनुमतीवाचून उचलून मोटारीच्या आसनावर ठेवली. उशीवाचून त्याला काचेतून रस्ता दिसत नाही, फक्त बॉनेट दिसते. हे त्याच्या उंचीवरचे भाष्य नसून वस्तुस्थिती आहे.

हवालदारांनी विचारले, "उशीसाठी एवढे धापा टाकत आलात?" मी म्हणालो, क्रमाने सांगतो.

मोटार आमच्या वडिलांची, दादाहून थोडी वडील. तिचे मूळ इंजिन थकले होते. चढावर सायकलवाले मागे वळून तिची विचारपूस करीत. म्हणून दादाने अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचे इंजिन भंगारवाल्याकडून आणले, आणि शेडच्या तुळईला कप्पी टांगून आम्ही दोघांनी ते हिच्यात बसवले. इंजिन दादाकडे, ब्रेक माझ्याकडे, अशी वाटणी. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे नाही, हा आईने लहानपणी घालून दिलेला नियम. तपासले की आमची जुंपायची.

जुन्या इंजिनाच्या धुराचा पाईप डावीकडून जायचा, नव्याचा उजवीकडून जातो. ब्रेकची नळी उजवीकडेच आहे. ती काढून दुसऱ्या बाजूने नवी न्यायला हवी होती. मी ती तूर्त तारेने बांधली, पाईपापासून बोटभर अंतरावर. रविवारी नीट करू म्हटले. रविवारी मी एका सत्काराची बातमी लिहीत बसलो.

आज सकाळी दादाने विचारले, "काय रे पंडित, झालं का तुझं ब्रेकचं?"

मी पेपर खाली न ठेवता म्हणालो, "सिद्धम्!"

"माणसांच्या भाषेत सांग."

"अरे, झालं म्हणजे झालं. तुझं इंजिन चालतंय का ते बघ. फाटकापर्यंत गेलं तरी पहिल्या पानावर बातमी देतो."

मला वाटले, गल्लीत एक फेरी मारेल. तेवढ्यात वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बसा बातम्या देत. आम्ही डोंगरापलीकडे ताईकडे जेवून येतो."

तेव्हाच बोलायला हवे होते. पण इंजिन पहिल्या चावीला लागले आणि दादा हसला. तो सहसा हसत नाही. फाटक मीच उघडले.

नंतर शेडमध्ये गेलो. ब्रेकची नवी नळी खिळ्याला होती तशीच टांगलेली होती. दादाला फोन केला, तो स्वयंपाकघरात वाजला. वहिनींचा लागत नाही.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, सपाट रस्त्यावर काही कळणार नाही. चढावर पाईप तापेल, शेजारच्या नळीतले ब्रेक ऑइल उकळू लागेल, आणि उतारावर पेडल पायाखाली नुसते खाली जाईल. चढताना दादा खुशीत असेल, कारण नवे इंजिन चढ जाणवू देत नाही.

मोटार फिकट हिरवी, गोल दिव्यांची. तशी दुसरी या रस्त्यावर नाही. ती माथ्यावरच्या चौकीत अडवावी. दादाला सांगावे की ब्रेक झालेले नाहीत, धाकट्याने खोटे सांगितले. तो सहजी ऐकणार नाही. आमचा पंडित चेष्टा करील पण खोटे बोलणार नाही, असे तो चारचौघांत सांगतो.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये. लिहिले ते सर्व मी सांगितले तसेच व खरे आहे. आधी चौकीला फोन लावा. मला फार भीती वाटते आहे.