‘कोणी केलं?’ न विचारणाऱ्यांचं संमेलन

मंडळी, एक सांगा. घरात घोळ झाला की तोंडातून पहिला शब्द कोणता निघतो? अहो, बोला की! कीर्तनात झोपायला मुभा आहे, लाजायला नाही! “कोणी केलं?” — हाच ना? मग ऐका.

ह्याच मंगल कार्यालयात, सांगलीत, तुम्ही मांडी घालून बसलाय तिथंच, संगणकावर काम करणाऱ्यांचं संमेलन ठरलं. कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरी — कुठून कुठून माणसं यायची! राबणारे सगळे स्वयंसेवक. मानधन? छे! वर घरच्यांची बोलणी! पुढाकार हेमांगीताई आरवाड्यांचा. अन् सगळ्यांना फोनवर निरोप धाडायचं काम विद्याधर मगदुमांकडं.

आता ह्या लोकांची एक रीत बघा. आपण तहान लागल्यावर विहीर खणतो. हे आधीच खणतात, वर पाणी चाखूनही बघतात! आदल्या दिवशी विद्याधररावांच्या मनात आलं — उद्या कृष्णामाई चढली, तर ‘संमेलन रद्द’ हा निरोप नीट जाईल ना? बघू तरी! स्वतःलाच पाठवायला गेले — अन् गेला की सगळ्यांना!

हरी हरी! फोनवर फोन! आचारी विचारतोय, “ताई, वांगी चिरू का राहू देऊ?”

विद्याधरराव पांढरेफटक. “ताई, माझ्या हातून झालं. वर्षाची मेहनत बुडवली मी. मी जातो.”

ताई काय म्हणाल्या? “दादा, बसा. तुम्ही गेलात तर हे झालं कसं, ते सांगणार कोण?”

“दुसरा निरोप धाडू या?” एकानं विचारलं.

ताई म्हणाल्या, “आधी ‘रद्द’, मग ‘रद्द नाही’ — कोण विश्वास ठेवील? माणसाचा आवाज ऐकू दे. फोन करा, प्रत्येकाला!”

अहो, सख्ख्या मावशीचा फोन न उचलणारी ही माणसं! बसली फोन लावत! पलीकडून जो तो खवळलेला — “कोणी घातला हा घोळ?” अन् मंडळी, एकाच्याही तोंडून विद्याधररावांचं नाव निघालं नाही! “आमच्याकडून चूक झाली.” आमच्याकडून! ते कोपऱ्यात बसून ऐकत होते, डोळ्यांना धार लागली होती. मी ह्या कीर्तनाची तारीख ठरवायला आलो होतो. अंगावर काटा आला हो! जन्मभर क्षमेवर बोलत आलो, ती डोळ्यांनी बघितली त्या दिवशी.

सकाळी खुर्च्या रिकाम्या. ताई दारात उभ्या. अन् एक गाडी आली! रत्नागिरीच्या बाई — निरोप वाचून आंबा घाटातून माघारी फिरलेल्या, फोन ऐकून पुन्हा वळलेल्या! मग माणसं येतच राहिली. कार्यालय भरलं. बाईंनी भर सभेत विचारलं, “पण हे केलं तरी कोणी?”

ताई पुढं झाल्या, “आमच्याकडून—”

“मी.” मागून आवाज आला. विद्याधरराव आपणहून उठले, पुढं आले. कसं झालं, पुन्हा कोणाच्या हातून होऊ नये म्हणून काय बदललं, सगळं सांगितलं. टाळी वाजवायला पहिल्या उठल्या त्या रत्नागिरीच्या बाई!

धाक दाखवून कबुली निघेल, मंडळी. पण असं भर सभेत उभं राहायचं बळ माणसाला कुठून येतं? आज घरी जाल. सूनबाईच्या हातून दूध उतू जाईल. काय विचाराल? “कोणी ठेवलं होतं?” — की “पोरी, हात भाजला नाही ना?”

उत्तर मला नको! तिला द्या. अन् आता टाळ वाजू द्या!