खाजगी झेंडू

विम्याचा विषय निघालाय तर आमच्या फिरोजभाईंचं ऐका. खराडीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती आणि ते तिथले ड्रायव्हर. खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरची पूजा करायचो. हसायचे सगळे, पण पूजेआधी सर्व्हरला हात लावायची हिंमत कुणाची नव्हती. झेंडू आणायचं काम दर वर्षी फिरोजभाईंकडे.

त्या वर्षी मार्केट यार्डातून फुलं घेऊन येताना एका टेम्पोनं कंपनीची गाडी ठोकली. फिरोजभाईंचा पाय मोडला. मी दवाखान्यात पोचले तर त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, पूजा झाली ना?"

पुढे चौकशीला विम्याचे साहेब आले. म्हणाले, "कामावर असताना अपघात झाला तरच भरपाई मिळते. फुलं आणणं हे काय सॉफ्टवेअरचं काम आहे? पूजेसाठी गेले, म्हणजे खाजगीच झालं."

फिरोजभाईंच्या घरात कमावणारे ते एकटेच.

आमचे मालक देशपांडे म्हणजे आल्यागेल्याला चहा न विचारणारा माणूस. ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे. मग तसंच लिहा. फिरोज शेख हे स्वतःच्या घरच्या खंडेनवमीसाठी झेंडू आणायला गेले होते. खाली सही करा आणि मला एक प्रत द्या, भिंतीवर लावतो."

विम्याच्या साहेबांनी अर्जावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग मान खाली घालून लिहिलं, 'कामावर असताना.'

देशपांडे म्हणाले, "चहा घेणार ना आपण?"