रोवण्याचा बॉलडान्स

हसून घ्या, पण जवाहरनगरात आमचा कॉमिक्स वाचणाऱ्यांचा मेळावा झाला, त्यात गडी कोटात, बाया साडीत, असा जोडीजोडीचा बॉलडान्स मीच करवला. "ज्याले काहीच येत नाही, त्यानंच यावं," असं पोस्टरवर लिवलं होतं. तसेच आले, आन् सारे भिंतीले चिपकून उभे!

म्हटलं, आज नाचवल्याबिगर सोडत नाही. सिहोऱ्याच्या माह्या मैत्रिणीले, शालूले, मधात ओढलं. "मी पुढं पाय टाकला का तू मांगं टाक."

"मांगं काहून? न पाहता कोणी मांगं चालते का?"

"मंग रोवण्यात धान लावताना कशी चालतेस?"

"मांगंमांगंच."

"तशीच चाल!"

हे आयकलं, आन् हॉलातल्या साऱ्या बायांनी पदर खोचले आन् कमरेतून वाकल्या! कोटवाल्यांनी हात धरावा कोणाचा?

"वाकू नका, धान नाही लावाचं!" मी ओरडली.

सरळ झाल्या, आन् अशा सरसर मांगं गेल्या का धरता धरता कोटवाल्यांले धाप लागली. शालूची पाठ भिंतीले लागली. म्हणे, "बाई, बांध आला, धानाची बांधी सरली. जाऊ घरी?"

मी तिले गर्रकन फिरवलं. "आता मांगं दुसरी बांधी आहे. रोवणा सरल्याबिगर घरी कोण जाते?"