शैलाताई खरंच निघाल्या आहेत का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चंद्रशेखरराव, व्यासपीठावरचे मंडळाचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती शैलाताई, त्यांचे चिरंजीव सौमित्र, सूनबाई अवनी, पासिर रिसहून, टॅम्पिनीसहून आणि थेट बुओना व्हिस्टाहून एमआरटीच्या गाड्या बदलत आलेल्या बंधुभगिनींनो, आणि मराठीचं एक अक्षर कळत नसताना पहिली रांग अडवून बसलेल्या ताईंच्या विद्यार्थिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला निरोपाचे चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. अध्यक्षमहाराज, तुम्ही माणूस जरा चुकीचा निवडलात. मी पडलो ऑडिटर. बायकोनं न मागता चहा आणून दिला तरी मी विचारतो, काय झालं? तर ही शाल, हा नारळ, हे हार पाहूनही माझ्या मनात तेच आलं. काय झालं?

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. शैलाताई नाशिकला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडे, इथे परदेशात, पासिर रिसला आल्या. माझी बायको मारीसोल कोलंबियाची. तेव्हा आम्ही ताईंच्याच इमारतीत राहायचो. तिची आणि ताईंची गाठ लिफ्टमध्ये पडली, आणि त्यातून दर शनिवारी ताईंच्या खोलीत एक वर्ग सुरू झाला. फुकट. विद्यार्थिनी सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या.

या बायकांची अडचण काय, तर इंग्रजीत एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, मिस अशा काही क्रियापदांपुढे आयएनजीवालं रूप लागतं, आणि यांच्या तोंडी तिथे हटकून 'टू' येतो. त्यांच्या भाषेची सवयच तशी. मारीसोल वर्षानुवर्षं म्हणायची, "आय एन्जॉय टू कुक." तिला स्वयंपाकाचा कंटाळा आहे हे मला ठाऊक, त्यामुळे ते वाक्य मला दोन्ही अंगांनी संशयास्पद वाटायचं.

ताईंनी यावर औषध काढलं. वर्गाचा नियम असा की प्रत्येक क्रियापदाचं वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं हवं. आधी ताई आपलं सांगणार, मग एकेक जण सांगणार, आणि प्रत्येक वाक्य बाकीच्या सगळ्या एकसुरात म्हणणार. वर्गातलं वाक्य वर्गाबाहेर न्यायचं नाही, हाही नियमच. मारीसोलचं एक वाक्य मी तिच्या परवानगीनं सांगतो. 'मिस' शिकवलं त्या दिवशी ती म्हणाली, "आय मिस हिअरिंग माय मदर शाउट." आई ओरडायची, ते ऐकायची तिला आठवण येते. इतकी वर्षं संसार केला, पण मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि ताईंबद्दल फार आदर वाटला.

आता माझ्या शंका.

मंडळाच्या ग्रुपवर सौमित्रनं कळवलं, "आईला नाशिकची ओढ लागली आहे." सौमित्र, ओढ आईला लागली, मग मेसेज तुझा का? ताई ग्रुपवर आहेत. रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतात. याबद्दल मात्र त्यांचा एक शब्द नाही.

दुसरं. परवा मी त्यांच्या दाराशी गेलो, तर कॉरिडॉरमध्ये ताई कढीपत्त्याचं नवीन रोप कुंडीत लावत होत्या. आठवड्याभरात कायमचा जाणारा माणूस कुंडी कशाला विकत आणेल?

तिसरं. सौमित्रनं बुओना व्हिस्टाला काँडो घेतला, त्याचं मनापासून अभिनंदन. घर दाखवलं, फार सुंदर आहे. एक खोली नवराबायकोची, एक लेकीची. मी विचारलं, आईची खोली? तो म्हणाला, "प्रबोधदादा, आई आता जातेच आहे ना." काँडो ठरला दिवाळीत. ओढ लागली संक्रांतीनंतर. ऑडिटमध्ये आम्ही आधी तारखा बघतो, त्याला माझा इलाज नाही.

हो, हो अध्यक्षमहाराज, चिठ्ठी मिळाली. आवरतं घेतो.

शेवटचं, आणि सगळ्यात संशयास्पद. या पहिल्या रांगेकडे बघा. एकीच्याही हातात भेटवस्तू नाही, फूलही नाही. या बायका वाढदिवसाला केक घेऊन धावतात! मी मारीसोलला म्हटलं, ताईंना काहीतरी घेऊ या. ती म्हणाली, "फॉर व्हॉट?" मी म्हटलं, अगं, त्या चालल्यात. तर म्हणाली, "व्हॉट वी से इन क्लास, स्टेज इन क्लास." म्हणजे ताई तिथे काहीतरी बोलल्या आहेत. जे घरात नाही बोलता आलं, ते परक्या बायकांसमोर, परक्या भाषेत बोलल्या आहेत. काय, ते मला खरंच माहीत नाही. बायको ताकास तूर लागू देत नाही.

सौमित्र, तू वाईट मुलगा नाहीस. तू आईला विचारलंस, आणि ती "बरं" म्हणाली, एवढंच झालं असणार. पण तिचा इथे राहण्याचा सरकारी पास तुझ्या सहीवर आहे. अशा माणसाच्या "बरं"वर कुठलाही ऑडिटर शिक्का मारणार नाही.

म्हणून शाल पांघरण्याआधी माझी ताईंना एक विनंती. तुमच्याच वर्गाचा नियम. कुठलंही क्रियापद घ्या, वाक्य मात्र खरं हवं. मारीसोल, गिव्ह हर द माइक.

…

मागच्यांना ऐकू आलं का? ताई म्हणाल्या, "आय अव्हॉइड सेइंग नो टू माय सन."

आणि ही पहिली रांग ते एकसुरात म्हणते आहे. ऐका. यांनी हे आधी म्हटलेलं आहे, हे कळतंय ना?

मराठीत सांगतो. मुलाला नाही म्हणणं मी टाळते.

सौमित्र, आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. उजेडाची आहे. वर्ग तिथे भरेल, कढीपत्ता कॉरिडॉरमध्ये राहील. सही तेवढी तुझी लागेल. उठलास? बाहेर निघालास की… नाही. आईकडे चाललाय. जाऊ द्या त्याला, वाट द्या जरा.

अध्यक्षमहाराज, शाल घडी करून ठेवा, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल. मंडळानं मला माइक दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. निरोपाचं भाषण करायला उभा राहिलो आणि निरोप न देताच खाली बसतो आहे, तेवढी चूक पोटात घाला.